चौथ्या दिवसाचं पान

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, ते वाळकं पान कसलं, आणि तू एवढी हसतेस काय?" मी सांगायला तोंड उघडलं आणि तुमच्या आईने तुम्हाला शाळेच्या बससाठी पिटाळलं. बरंच झालं. ही गोष्ट घाईत सांगण्यासारखी नाही. शिवाय ती मला लिहूनच सांगायची आहे, कारण तिच्यातली एक चूक माझी आहे, आणि बोलताना माणूस आपली चूक पटकन ओलांडून पुढे जातो.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, हे तुम्हाला माहीत आहे. दरवर्षी एका ठरलेल्या तासाला मी फळ्यावर डीएनएची पीळ घातलेली शिडी काढायचे. शिडीच्या पायऱ्यांवर अक्षरं लिहायचे. ए-समोर टी, जी-समोर सी. मुलींना सांगायचे की ही जोडी कधी मोडत नाही, आणि मोडली, म्हणजे जी-समोर चुकून टी येऊन बसला, तर ती पायरी वाकडी बसते. मुली वहीत उतरवून घ्यायच्या. पण खरं सांगू? ती वाकडी पायरी मी स्वतः कधीच पाहिलेली नव्हती. खडूने काढलेलीच तेवढी पाहिली होती. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, संपलं, आता ते काही या डोळ्यांना दिसायचं नाही.

ते या उन्हाळ्यात दिसलं, आणि तेही तुमच्या आत्याआजीमुळे.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. मी त्यांना आक्का म्हणते. लग्न होऊन त्या पिंपळगाव बसवंतला गेल्या आणि गेली पन्नासहून जास्त वर्षं त्यांनी द्राक्षाची बाग सांभाळली आहे. बागेतली एक वेल जुनी आहे, पंधरा-सोळा वर्षांची. काही वर्षांपूर्वी त्या वेलीच्या एकाच काडीला नेहमीपेक्षा निराळे घड लागले. मणी लांब, माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढे. बाकीची वेल होती तशीच, गोल मण्यांची. असं क्वचित होतं. वाढताना एखाद्या फांदीत आपोआप बदल होतो आणि ती फांदी बाकीच्या झाडापासून थोडी वेगळी निघते. आक्कांनी त्या काडीला जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधून ठेवली, पुढच्या हंगामात तिच्यापासून कलमं केली, आणि घरामागे चाळीस वेलींची एक रांग उभी केली. कुणाला बोलल्या नाहीत. मलाही नाही.

यंदा त्या रांगेला पहिल्यांदा भरघोस माल आला, आणि तो बांधापलीकडच्या अण्णांनी पाहिला. अण्णांकडेही लांब मण्याची जात आहे, आणि तिचा त्यांना फार अभिमान. माल भरायच्या शेडपुढच्या अंगणात, दहा-बारा बागायतदार उभे असताना, ते म्हणाले, "आक्का, काडी पाहिजे होती तर मागायची. बांध ओलांडून न्यायचं काय कारण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आक्कांचा मला फोन.

"वहिनी, तू पोरींना रक्ताचं शिकवायचीस ना?"

"रक्ताचं नाही हो आक्का, वनस्पतींचं."

"तेच ते. वेलीचं रक्त तपासता येतं का? कोण कुणाच्या पोटचं ते कळतं का?"

मी म्हटलं, येतं. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी हळूच म्हणाल्या, "मी भर अंगणात बोलून बसले गं. म्हटलं, पान तपासा. माझ्याच वेलीशी जुळलं नाय, तर आखाजीला चाळीसच्या चाळीस वेली माझ्या हातानं उपटीन."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. हातात जेमतेम महिना होता.

मी आक्कांना चांगली ओळखते. त्यांनी वेली खरंच उपटल्या असत्या. आणि नुसत्या वेली गेल्या नसत्या. ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या बाईच्या नावापुढे गावाने "चोर" लावलं असतं, आणि ते मग कुणी पुसलं नसतं.

आता आधी प्रयोग समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नाशकात गंगापूर रोडला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची छोटी प्रयोगशाळा आहे. रोपवाटिकांतली रोपं निरोगी आहेत का, कोणत्या जातीची आहेत, हे ती तपासून देते. वर्गात ती दुसऱ्या बाकावर बसायची आणि माझ्या आकृतीतल्या चुका काढायची. आता तिचे केस माझ्यासारखेच पांढरे व्हायला लागले आहेत, पण सवय तीच. मी फळ्यावर काढायचे तसं तिला सांगू लागले, तर म्हणाली, "मॅडम, खडू ठेवा. मी तुम्हाला दाखवते."

तुम्ही माझी पोलकी पाहिली आहेत. पुढे एका बाजूला हुक असतात आणि दुसऱ्या बाजूला ते अडकवायला दोऱ्याच्या आकड्या. डीएनएचे दोन धागे असेच एकमेकांत अडकलेले असतात. आता अशी कल्पना करा की दोन बहिणींची दोन पोलकी आहेत. दोन्हींचे हुक काढले, आणि एकीची डावी बाजू दुसरीच्या उजव्या बाजूला लावली. शिंप्याने दोन्ही एकाच मापाने शिवली असतील तर सगळे हुक बरोबर बसतील, आणि अदलाबदल झालीय हे कुणाला कळणारही नाही. पण एका पोलक्याचा एकच हुक जरा खाली लावलेला असेल, तर तिथे कापडाला चुणी पडेल. जरा ताण दिला की पोलकं तिथूनच आधी सुटेल.

विद्यार्थिनीची चाचणी नेमकी हीच होती. दोन वेलींचे डीएनए एकत्र करायचे. तापवायचे, म्हणजे सगळे धागे सुटे होतात. मग थंड करायचे, म्हणजे ते पुन्हा जोड्या लावतात, आणि या गडबडीत एका वेलीचा धागा दुसऱ्या वेलीच्या धाग्याशी जाऊन जुळतो. मग हळूहळू पुन्हा तापवायचं, अंशाच्या दहाव्या भागाने. त्यात एक चमकणारा रंग घातलेला असतो. जोडी टिकून आहे तोवर तो चमकतो, सुटली की विझतो. दोन्ही वेलींची अक्षरं सारखी असतील तर उजेड एका ठरावीक उष्णतेला विझतो. एखादी जोडी विजोड असेल तर तो आधीच विझायला लागतो. एका अक्षराचा फरक, आणि यंत्राच्या पडद्यावरची उजेडाची रेघ डावीकडे सरकते!

"एकाच अक्षराने?" मी विचारलं.

"एकाच. कुठलं अक्षर, त्यावर थोडं अवलंबून आहे. आरएनएमध्ये तर आणखी मजा आहे, मॅडम. तिथे टीच्या जागी यू असतो, आणि जी आणि यू चक्क जमवून घेतात. विजोड असून संसार करतात. तिथे चूक पकडायला जास्त बारीक नजर लागते."

मी ते लगेच वहीत लिहून घेतलं. पुन्हा विद्यार्थिनी झाल्याचा मला इतका आनंद झाला होता की रिक्षावाल्याला मी घराचा पत्ता सांगायचाच विसरले.

तिने एक अट मात्र आधीच सांगितली. "मॅडम, ही चाचणी दोन वेगळ्या घराण्यांतला फरक दाखवेल. एका फांदीत झालेला छोटा बदल मी तपासते त्या आठ जागांत सापडायचा नाही. अण्णांची जात जर आक्कांच्याच जुन्या जातीतून निघालेली असेल, तर मी काहीच सांगू शकणार नाही. दोघी सारख्याच दिसतील."

हे मी फोनवर अण्णांना विचारलं. ते केवढे चिडले! "माझी जात? आक्काच्या जातीतनं? बाई, माझ्या जातीचे आईबाप दोन्ही समुद्रापलीकडचे हायेत. कागद हाय माझ्याकडं." त्या बढाईने आमचं काम सोपं केलं. पण आपलं पान द्यायला ते तयार होईनात. म्हणाले, "आधी आक्काची रांग आक्काच्या वेलीशी जुळवून दाखवा. मग माझ्या पानाला हात लावा." त्यात चूक काहीच नव्हतं.

मग मी आक्कांना सूचना दिल्या. कोवळी पानं, पाच रांगेतली आणि पाच जुन्या वेलीची. दोन वेगळी कागदी पाकिटं, प्लास्टिक नको, पाकिटावर नाव घालायचं. टोमॅटोचा टेम्पो रोज नाशिकला येतोच, त्याच्या चालकाकडे द्या. आणि पाकिटं मी उघडणार नाही, असा नियम मी स्वतःला घातला. एकीची पानं दुसरीत पडायला नकोत, माझ्या हाताचं काही लागायला नको. पाकिटं आली की माझ्या नोंदवहीत रकाने भरायचे आणि तशीच बंद पुढे द्यायची. रकाने माझे नेहमीचे: कुणाचं पान, किती पानं, पान कोवळं की जून, तोडल्याचा दिवस, छाटणी होऊन किती दिवस झाले. एकतीस वर्षं मुलींकडून हेच लिहून घेतलं होतं. आक्कांना फोन लावून एकेक विचारलं, त्यांनी एकेक सांगितलं, मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. लिहिताना काय लिहितेय याचा विचार केला नाही. माझी चूक म्हणाले ती हीच.

निकालाच्या दिवशी मी प्रयोगशाळेत तासभर आधीच जाऊन बसले. यंत्र दिसायला आपल्या पोळ्यांच्या डब्याएवढंच, फक्त चौकोनी. शेजारी पडदा. एकूण आठ ठिकाणची अक्षरं तपासायची होती, आठ रेघा. उष्णता वाढायला लागली. सगळ्या रेघा वर एका पातळीत, जणू दोरीवर वाळत घातलेल्या. मग एक रेघ खाली वळली. लवकर! मग दुसरी. तिसरी.

"वा!" मी ओरडले. खुर्चीवरून उठलेच. "सरकली! अगं, बघ, सरकली! ही विजोड जोडी! हीच ना ती?"

"हीच, मॅडम."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं खडूने काढलेली वाकडी पायरी माझ्यासमोर सुटत होती. उजेड विझत होता आणि मी टाळ्या वाजवत होते. विद्यार्थिनी मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मग माझे हात मध्येच थांबले.

ती आक्कांची रांग होती आणि आक्कांची वेल. ती जुळायला हवी होती. मी टाळ्या कशाला वाजवत होते?

"आठांपैकी सात ठिकाणी," ती हळूच म्हणाली. "मॅडम, दोघींचा काही संबंधच नाही."

आम्ही पुन्हा करून पाहिलं. तेच. ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि पुटपुटली, "एवढा फरक मात्र मला विचित्र वाटतो. खायच्या दोन निराळ्या द्राक्षांतसुद्धा इतका निघत नाही." पण निकाल तो निकाल.

आक्कांना मीच फोन केला. पलीकडून आधी पंप चालू असल्याचा आवाज येत होता, मग कुणीतरी तो बंद केला.

"म्हणजे वहिनी, माझी नाय ती?"

"चाचणी तसं म्हणतेय."

"पण चिंधी मी बांधली होती. माझ्या हातानं." आणि मग, "तुला तरी खरं वाटतं ना?"

मी म्हटलं, वाटतं. आणि ते खरं होतं. पण माझ्याच शास्त्राने माझं म्हणणं खोटं ठरवलं होतं, आणि त्याच शास्त्रापुढे मी दुपारी टाळ्या वाजवल्या होत्या. आखाजीला दहा दिवस उरले होते. आक्का म्हणाल्या, "बरं. कुऱ्हाडीला धार लावून ठेवते." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला आणि सवयीने नोंदवही उघडली. निकाल आला की तो नमुन्यासमोर लिहायचा, वाईट असला तरी. जुन्या वेलीची ओळ काढली. पाच पानं. कोवळी. खरड छाटणी होऊन: चौथा दिवस.

मी पेन टेकवलं आणि थांबले.

तुम्ही द्राक्षाची बाग उन्हाळ्यात पाहिलेली नाही, म्हणून सांगते. माल निघाला की एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. सगळ्या काड्या मागे कापतात. मांडवावर एक पान ठेवत नाहीत. नुसते तपकिरी हात पसरल्यासारखी वेल दिसते. मग साधारण दहा-बारा दिवसांनी काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटतात आणि नवी पालवी येते. चौथ्या दिवशी वेल ठार बोडकी असते.

मग चौथ्या दिवशी पाच कोवळी पानं आली कुठून?

चहा उतू गेला. जाऊ दे. मी फोन लावला.

"आक्का, जुन्या वेलीची पानं तुम्ही कुठून तोडलीत?"

"वेलीवरनंच की!"

"छाटणी झाली होती ना?"

"झाली होती. चार दिस झाले होते. तुला सांगितलं नाय का मी?"

"मग पान कुठलं होतं तिच्यावर?"

"वर नव्हतंच एक. तू म्हणालीस कोवळं पायजे. खाली बुडाशी फुटवा आला होता, लुसलुशीत. तोच तोडला."

मी किंचाळलेच असेन, कारण शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. "आक्का! तो खुंट आहे!"

हेही सांगायला हवं. आपल्याकडे द्राक्षाची वेल आपल्या मुळांवर उभी नसते. खाली एका रानटी, चिवट वेलीचं मूळ लावतात, ज्याला कमी पाणी आणि खारट जमीन चालते. तो खुंट. त्याच्यावर खाण्याच्या द्राक्षाची काडी कलम करतात. वर एक जात, खाली निराळीच. खुंटाला खालून फूट आली तर बागायतदार ती खुडून टाकतो. आक्कांनी आयुष्यभर असे हजारो फुटवे खुडले असतील.

"खुंट हाय ते मला म्हायतीय," आक्का म्हणाल्या. त्यांना रागच आला होता. "मी काय आज बाग करते? पण मूळ तेच ना? रस खालूनच वर चढतो ना? पंधरा-सोळा वर्षं दोघं एका बुंध्यावर उभी हायेत. रक्त एक झालं नसंल?"

"नाही होत, आक्का. रस एक होतो, पण अक्षरं आपापलीच राहतात."

"कधीच नाय?"

"कधीच नाही. शंभर वर्षं एकत्र उभी राहिली तरी."

मग म्हणाल्या, "बघ बाई. मला वाटायचं, मी या घरात एवढी वर्षं हाय तर माझं रक्तसुद्धा यांचंच झालं असंल." आणि एकदम इतक्या जोरात हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "म्हंजे मी अजून माहेरचीच की! तुझ्याच घरची!"

"माझ्या घरच्या कुठल्या? मी तरी कुठे त्या घरातली? मीही कलमच."

"मग खुंट कोण गं?"

आम्ही दोघी हसत सुटलो, चहा गॅसवर जळत होता आणि शेजारच्या वहिनींना काही केल्या कळेना की नक्की झालंय काय.

मी विद्यार्थिनीला फोन केला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "खुंट! म्हणूनच सात ठिकाणी! मॅडम, रानटी वेल आणि खायचं द्राक्ष, ते कसं जुळणार!" आणि लगेच, "पण मॅडम, हे आपण मानायचं म्हणून मानलं. दाखवायला लागेल." बरोबर होतं. माझी आनंदाची उडी म्हणजे पुरावा नव्हे. अजून आक्कांची रांग खरंच परकी निघू शकत होती.

मी त्याच दिवशी बसने पिंपळगावला गेले. आक्का मला थेट बागेत घेऊन गेल्या. इतर बाग छाटून झाली होती, फक्त घरामागची ती रांग जुन्या पानांनी भरलेली, तशीच उभी होती. निकाल लागेपर्यंत तिला कात्री लावायची नाही, असं आक्कांनी ठरवलं होतं, आणि तिचे दिवस वाया चालले होते. जुन्या वेलीवर मात्र डोळे फुटले होते. एकेका डोळ्यातून गुलाबी कडा असलेलं, केसाळ, मुडपलेलं पान बाहेर येत होतं. उघडलेली पानं जेमतेम तीन-चार. आणखी उघडायची आम्ही दोन दिवस वाट पाहिली. सकाळ-संध्याकाळ जाऊन पानं मोजायची. मला वाटतं, लहानपणी रेशमाचे किडे पाळले होते तेव्हाही मी इतकी अधीर नव्हते.

पानं मी स्वतः तोडली. कलमाच्या गाठीच्या वरची, मांडवाजवळची. आणि माझा नियम मोडून प्रत्येक पान उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मग बुडाशी बसून खुंटाचं एक पान तोडलं, ते वेगळं ठेवलं. दोन्ही शेजारी धरली तेव्हा लाज वाटली. वेलीच्या पानाला खोल खाचा. खुंटाचं पान जवळजवळ गोल, चकचकीत. त्या पहिल्या पाकिटात मी एकदा जरी डोकावले असते, तर आक्कांना कुऱ्हाडीला धार लावावी लागली नसती.

खुंटाचा घोळ कळल्यावर, "आता माझ्या डोळ्यांनीच बघतो," म्हणत या वेळी अण्णाही पान घेऊन आले. स्वतः आले, प्रयोगशाळेत, पांढरी टोपी आणि इस्त्रीचा सदरा घालून, पाकीट छातीशी धरून. आक्का एका खुर्चीवर, अण्णा दुसरीवर, मध्ये मी.

"हे यंत्र कुणाच्या बाजूचं हाय?" अण्णांनी विचारलं.

"कुणाच्याच नाही, अण्णा," विद्यार्थिनी म्हणाली. "नळ्यांवर मी नुसते आकडे घातलेत."

"मग आधी माझं माझ्याशी जुळतं का बघा."

"ते कशाला?" आक्का म्हणाल्या. "तुमचं तुमच्याशी कधी जुळलंय?"

पण विद्यार्थिनीने खरंच तेही लावलं. तपासणीत ते लागतंच, म्हणाली. अण्णांच्या आठही रेघा एकत्र, ठरलेल्या जागी खाली आल्या. अण्णांनी मोठा श्वास सोडला. "जुळलं," ते आम्हा सगळ्यांना म्हणाले, जणू कुणी शंका घेतली होती.

मग आक्कांची रांग आणि आक्कांची वेल. आक्कांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा छाटणीच्या कात्रीने इतका टणक झालेला की मला लाकूड धरल्यासारखं वाटलं. उष्णता चढायला लागली. मागच्या वेळी जिथे पहिली रेघ वळली होती, ती जागा मला पाठ होती. ती आली. रेघ हलली नाही. दुसरी हलली नाही. आठही रेघा ताठ, एकावर एक. आणि मग जिथे पडायला हवं होतं तिथे, सगळ्या एकदम, पंगतीला बसावं तशा खाली गेल्या.

या वेळी मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी आक्कांकडे बघितलं. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"काय गं? तोंड का असं केलंस?"

"जुळलं, आक्का. आठच्या आठ."

शेवटी आक्कांची रांग आणि अण्णांचं पान. पाच रेघा आधीच घसरल्या. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हंजे माझी काडी नाय."

"नाही," विद्यार्थिनी म्हणाली. "आक्कांच्याच वेलीची आहे."

अण्णा पुढे काही बोलले नाहीत. टोपी सारखी केली आणि गेले. मला राग आला. अंगणात सगळ्यांपुढे बोललेला माणूस प्रयोगशाळेत आम्हा तिघींपुढे गप्प राहून कसा सुटतो? आक्का म्हणाल्या, "जाऊ दे. मला आता रांगेची घाई हाय."

घाई खरीच होती. रांगेची छाटणी इतकी लांबली होती की आणखी उशीर झाला असता तर पुढच्या वर्षीचा माल गेला असता. मी त्या रात्री आक्कांबरोबर पिंपळगावला जाऊन राहिले. सकाळी उजाडताच आक्का आणि मी घरामागे गेलो, तर अण्णा आधीच आले होते. हातात स्वतःची कात्री, आणि मागे त्या दिवशी अंगणात उभे असलेल्यांपैकी सहा जण, आपापल्या कात्र्या घेऊन.

"हे कशाला सगळे?" आक्का म्हणाल्या.

"यांच्यापुढं बोललो होतो," अण्णा म्हणाले. "यांच्यापुढंच कापतो."

बस, एवढंच. माफी वगैरे शब्द कुणी काढला नाही. कात्र्या चालू झाल्या. चाळीस वेली ऊन चढायच्या आत बोडक्या झाल्या. आक्का प्रत्येक वेलीच्या बुडाशी वाकून खुंटाचा फुटवा दिसला की खुडत होत्या, आणि दर वेळी त्याला ओरडत होत्या, "खोटारड्या!" त्यातलं एक पान मी मागून घेतलं. तुम्ही पाहिलंत ते हेच. आता ते माझ्या नोंदवहीत, चौथ्या दिवसाच्या ओळीसमोर चिकटवलं आहे. ती ओळ मी खोडलेली नाही.

काम संपलं. सगळे चहाला बसले. अण्णा मात्र कापलेल्या काड्यांच्या ढिगापाशी उभे होते. एक काडी उचलत, डोळे मोजत, खाली ठेवत, दुसरी उचलत. शेवटी आलेच.

"आक्का."

"काय?"

"दोन काड्या द्याल का? मणी चांगला हाय."

अंगणात जो हशा पिकला तो बांधापलीकडे ऐकू गेला असेल. अण्णाही हसले, कानापर्यंत लाल होऊन. आक्कांनी ढिगातून दोन नव्हे, चार सरळ, जाड काड्या निवडल्या. पदराने पुसल्या. लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून त्यांना बांधली. पण लगेच दिल्या नाहीत.

"देते," त्या म्हणाल्या. "पण नोंद करून. वहिनी, वही आणलीस ना? लिही. कुणाच्या वेलीच्या, किती, कुठल्या दिवशी." आणि अण्णांकडे वळून, "आणि कलम केल्यावर पान तपासायचं झालं तर गाठीच्या वरचं तोडा हो. खालचं तोडाल, तर म्हणाल, आक्कानं रानटी काड्या दिल्या."